पडलेल्याला हात द्यायचा नाही

विजूताई, मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर एक पान लिहून दे, असं अध्यक्षांनी फोन करून सांगितलं. नमुना म्हणून गेल्या वर्षी वारलेल्या एका काकांवरचा लेखही ईमेलनं पाठवला. त्यात ते काका मनमिळाऊ होते, लाघवी होते आणि त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली होती. मी त्या वाक्यांत काकांच्या जागी तुझं नाव घालून वाचून बघितलं. मग कीबोर्ड उचलला आणि भिंतीवर आपटला. तीन बटणं निखळली. त्यातलं एक अजून सापडलेलं नाही.

तू मनमिळाऊ नव्हतीस, ताई. तू मारकुटी होतीस. बर्फ फ्रिजच्या बाहेर कधी न पाहिलेल्या आमच्यासारख्या लोकांना तू दर शनिवारी पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरावर न्यायचीस आणि स्की शिकवायचीस. पार्सिपनीपासून एडिसनपर्यंत अशी कितीतरी मराठी माणसं आहेत ज्यांच्या पाठीत तुझा पंजा बसलेला आहे. अंत्यविधीला ती सगळी आली होती, काळ्या कोटांत, नाकं पुसत. "विजूताईंनी आम्हाला हात धरून उभं केलं," असं एक जण माइकवर म्हणाला. तू असतीस तर त्याला तिथेच एक ठेवून दिली असतीस. तू कधी कुणाला हात धरून उभं केलं नाहीस. तुझा पहिला नियमच तो होता. पडलेल्याला हात द्यायचा नाही.

आणि तू मेलीस ती मला हात देताना. मी उतारावर पडले होते, तू मला उठवायला वाकलीस आणि वरून आलेला माणूस तुझ्यावर आदळला. एवढं सगळ्यांना माहीत आहे. लोक येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, तुझी काय चूक, असं म्हणतात. त्यांना हे माहीत नाही की मला त्या हाताची गरज नव्हती. मला काही लागलं नव्हतं. मला उठता येत होतं. मी रागानं पडून राहिले होते. हे मी तेरा दिवस पोटात घेऊन हिंडले. ज्यांना ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या तुझ्या नवऱ्यासमोर, अशोकभाऊजींसमोर, रोज जाऊन चहा पीत बसले.

तुला माझा राग पहिल्या दिवसापासून माहीत होता. आपली ओळखच त्याच्यामुळे झाली. दोन हजार दोनचा हिवाळा होता. माझ्या नवऱ्याच्या, प्रसादच्या ऑफिसातली अर्धी माणसं कामावरून कमी झाली होती आणि तो घरी येऊन शब्द न बोलता जेवायचा. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. इथे त्याच्या व्हिसावर आलेली बायको होते. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, बाहेर बर्फ. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात मला सलग दुसऱ्यांदा सडकी भेंडी मिळाली होती. ती परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, "बहनजी, ठंड में ऐसा ही आता है." मी पिशवी काउंटरवर उलटी केली आणि हातानं सगळी भेंडी त्याच्या अंगावर लोटली. रांगेत माझ्यामागे तू उभी होतीस. पन्नाशीची, बुटकी, ट्रॅकपँटवर स्वेटर, कमरेपर्यंत वेणी.

"एवढा राग कुठे ठेवते गं तू?" तू विचारलंस.

"घरी."

"केवढं आहे घर?"

"वन बेडरूम."

"मग मावून नाही राहिला तो. शनिवारी सकाळी सहाला बिल्डिंगखाली उभी राहा. मी पिकअप करते. डोंगर मोठा आहे."

मी का आले ते मला आजही सांगता येत नाही. घरात बसून आणखी एक शनिवार काढला असता तर मी काहीतरी फोडलं असतं, एवढं नक्की.

त्या पहिल्या सकाळी तू मला भाड्याचे बूट चढवलेस, त्यांत स्कीच्या लांब फळ्या अडकवल्यास आणि म्हणालीस, "पड." मला वाटलं थट्टा करतेयस. "पड म्हणजे पड. बाजूला पड, बुडावर पड. हात मागे टेकू नको, मनगट जाईल." मी पडले. तू वर उभी राहून बघत राहिलीस. मी हात पुढे केला तर तू तुझे दोन्ही हात पाठीमागे बांधलेस.

"उतार कुठे आहे ते बघ आधी. फळ्या त्याला आडव्या कर. तुझ्या खालच्या बाजूला घे. गुडघे पोटाशी. आता ऊठ."

मी उठले, तू पुन्हा पाडलंस. वीस वेळा तरी हे झालं. बाजूनं जाणारी एक गोरी बाई माझ्याकडे बघून थांबली आणि तिनं कळवळून हात पुढे केला. तू तिला म्हणालीस, "शी इज फाइन. शी इज लर्निंग." ती बिचारी घाबरून निघून गेली. मी तुला मराठीतल्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. तू एक शिवी दुरुस्त केलीस. नागपूरकडे ती जरा वेगळी देतात म्हणालीस.

मग थांबणं. फळ्यांची टोकं जवळ, टाचा बाहेर, याला तू नांगर म्हणायचीस. "नांगर धर, नांगर धर," करत तासभर फक्त थांबायला शिकवलंस. बाकीचे शिकवणारे लोकांना काठ्या देऊन ढकलत होते. तू दोन शनिवार कुणाच्या हातात काठी देत नसायचीस. काठी दिली की माणूस तिच्यावर रेलतो आणि पाय आळशी होतात, असं तुझं म्हणणं. आधी पडणं, मग उठणं, मग थांबणं, आणि या तीन गोष्टी आल्या की लगेच वर. तुझ्या शाळेत एवढेच वर्ग होते.

शिकाऊ लोकांच्या बुटक्या टेकाडाच्या माथ्यावर मी जाऊन उभी राहिले आणि उतार बघत बसले. कुठून जायचं, कुठे वळायचं, समोर तो लाल जॅकेटवाला आहे तो कुठे जाईल. मागून तुझा आवाज आला, "पुणेकर आहे बाप्पा. आधी पाटी वाचणार, मग दार वाजवणार." आणि माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध तू असा फटका हाणलास की माझा श्वासच गेला. "खो."

खाली तोंडावर आपटले तेव्हा जीभ दातांत सापडली होती. तोंडात रक्त होतं. मला दुसरं काही दिसेना. मी उठले, फळ्या आडव्या करून एकेक पाऊल रोवत ते सगळं टेकाड चढून आले आणि हातमोज्यासकट मूठ वळून तुझ्या तोंडावर मारली. तुझा ओठ फुटला. तू बर्फात लाल थुंकलीस, त्याच्याकडे बघितलंस आणि हसायला लागलीस.

"आता मागे वळून बघ," तू म्हणालीस. "कशी वर आली ते बघ."

मी वळून पाहिलं. माझ्या फळ्यांच्या आडव्या खुणा खालपासून वरपर्यंत ओळीनं उमटल्या होत्या. सकाळभर मला जे जमत नव्हतं ते मी विचार न करता करून आले होते.

तू नागपूर विद्यापीठाकडून खो-खो खेळली होतीस हे मला त्या दुपारी कळलं. खाली लॉजमध्ये भाऊजी थर्मास घेऊन बसलेले होते. ते स्की करत नसत, कोडी सोडवत तुझी वाट बघत. पोह्यांवर तर्री ओतली की शेजारच्या टेबलावरची माणसं नाकं वर करून बघत. फुटक्या ओठाला तर्री झोंबत होती तरी तू खात होतीस आणि मला सांगत होतीस, की खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूला स्वतःहून उठता येत नाही. मागून खो मिळाला की मात्र विचार करायला वेळ नसतो, उठायचं आणि सुटायचं. "लोक डोंगरावर पाय मोडून घेत नाहीत, माथ्यावर उभं राहून विचार करून घेतात, मग मोडतात," तू म्हणालीस. भाऊजींनी कोड्यातून मान वर न काढता मला बर्फ दिला. म्हणाले, "जिभेवर ठेव. पहिल्या दिवशी सगळ्यांचं काहीतरी फुटतं. तिचं पहिल्यांदाच फुटलं."

तिसऱ्या शनिवारी मी निळ्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारावरून खाली आले. मार्चमध्ये गाडी चालवायची परीक्षा दिली. परीक्षा घेणारा बाजूला बसला होता आणि मला पाठीत तुझा फटका जाणवत होता. पुढे ग्रीन कार्ड आलं, नोकरी लागली. माझ्या मुलाखतीच्या दिवशी तू ऑफिसच्या पार्किंग लॉटपर्यंत आलीस आणि गाडीतून उतरताना मला खरोखर खो दिलास. माझ्या इस्त्रीच्या जॅकेटवर तुझ्या हातातल्या वड्याचं तेल लागलं. मी तुझ्यावर ओरडले आणि त्याच आवाजात आत जाऊन मुलाखत दिली. नोकरी मिळाली. तुझे आभार मी मानले नाहीत. तुला ते चाललंही नसतं.

तुझी मदतनीस झाले तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. पाच हिवाळे ते चाललं. माझं कामच असं, की एखादी गोष्ट कशी मोडेल ते आधी शोधायचं. मला नवी माणसं तीन-चार शनिवार सपाटीवर हवी असायची. तू दुसऱ्याच शनिवारी त्यांना लिफ्टच्या पाळण्यात बसवून वर न्यायचीस. मुंबईच्या सावंतांचा खांदा निखळला तो दुसऱ्याच शनिवारी. तो माणूस असा ओरडत होता की वरच्या लिफ्टवरचे लोक माना वळवून बघत होते. त्यांचा हात तू तुझ्या मफलरनं छातीशी बांधलास आणि जखमींना न्यायची घसरगाडी येईपर्यंत त्यांना शिव्या देत जागं ठेवलंस. परत येताना मी गाडीत गप्प राहिले नाही.

"एक शनिवार थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"एक शनिवार थांबले असते तर पुढच्या शनिवारी तो आलाच नसता. बायकोला घेऊन मॉलमध्ये गेला असता."

"खांदा शाबूत घेऊन गेला असता."

"मंजे, भीतीचं दही लागतं. लागलं की मग ढवळून उपयोग नाही. मी लागायच्या आत वर नेते."

"आणि एखाद्याचं डोकं फुटलं तर?"

"तू सपाटीवर उभी राहून उंटावरून शेळ्या हाकू नको. थांबता न येणारा एक तरी माणूस मी वर नेला का? दाखव."

मला दाखवता आला नाही. सावंत थांबलेच होते, वळताना पडले होते. पुढच्या हिवाळ्यात ते परत आले हेही खरं. पण मी हरले असं कधी म्हटलं नाही आणि तूही मला तसं म्हणायला लावलं नाहीस. दर शनिवारी मार्ग ऐंशीच्या हायवेवर आपण तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडायचो. भाऊजी मागच्या सीटवर झोपायचे.

आता त्या दिवसाबद्दल. मधुरा पिस्कॅटवेहून यायची. लग्नाला वर्ष झालेलं, नाशिकची, माझ्यासारखीच नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. तिला मी शिकवत होते आणि तो तिचा तिसरा शनिवार होता. मी सपाटीवरच ठेवली होती. मी कॉफी आणायला गेले आणि परत आले तर ती जागेवर नव्हती. वर बघितलं तर ती उतारावर, नांगर धरून, तोंड उघडं, किंचाळत खाली येत होती आणि मागे तू. ती माझ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबली. नीट थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखायला हवं होतं, कारण एके काळी ते माझ्याही चेहऱ्यावर होतं. पण मला फक्त एवढंच दिसलं की तू मला न विचारता माझी विद्यार्थिनी नेलीस.

मी कॉफी बर्फात आपटली. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या घाईनं एक दिवस कुणाचा तरी जीव जाणार आहे, ताई. आणि तेव्हासुद्धा तू खो-खोच्या गोष्टी सांगत बसशील."

तू शांतपणे म्हणालीस, "आणि तुझ्या हळूहळूनं? भेंडी फेकत बसली होती तू दुकानात. हिला पण तिथेच बसवायचं आहे का तुला?"

मधुरासमोर बोललीस. ते मला लागलं. तुला ते दिसलं, कारण तू लगेच म्हणालीस, "चल, दोघी एक राउंड मारू. डोकं थंड करू. मग जेवू." पाळण्यात आपण दोघी शेजारी बसलो आणि वर पोचेपर्यंत मी तुझ्याकडे पाहिलं नाही. मध्ये तू माझ्या गळपट्ट्याचं टोक आत खोचलंस, ते मी पुन्हा बाहेर काढलं.

वरून मी सुटले ते न वळता, सरळ. मला तुझ्यापासून लांब जायचं होतं. मधल्या उंचवट्यावरून खाली आले तिथे एक फळी अडकली आणि मी लोळत जाऊन पडले. बर्फ कॉलरमधून पाठीपर्यंत गेला. दोन्ही फळ्या पायांतच होत्या. गुडघे ठीक होते. उतार कुठल्या बाजूला आहे तेही मला माहीत होतं. मी उठले नाही.

तू माझ्या वरच्या बाजूला येऊन थांबलीस. दातांनी हातमोजा काढलास, फोन काढलास आणि कुणाशी तरी चार वाक्यं बोललीस. मला वाटलं, डोंगरावरच्या बचाव पथकाला बोलावते आहे. मला बरं वाटलं. मला वाटलं, घाबर जरा.

"ऊठ गं."

"नाही उठता येत."

"लागलं?"

"हो," मी म्हणाले.

तू घसरत माझ्यापाशी आलीस. वर उंचवटा होता, त्याच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. अशा जागी थांबायचं नाही हे तू आम्हाला शंभरदा सांगितलं होतंस. तू उंचवट्याकडे पाठ केलीस, वाकलीस आणि हात पुढे केलास. मोजा काढलेला, उघडा हात. इतक्या वर्षांत तू कुणालाही दिला नव्हतास तो. तुझ्या तोंडावर राग नव्हता.

"चल. तर्री थंड होऊन राहिली."

मी तो हात धरला नाही, ताई. एक, दोन, तीन म्हणण्याइतका वेळ तो माझ्यासमोर होता आणि मी मान दुसरीकडे वळवली. धरला असता तर आपण तिथून हललो असतो. मी सगळं मोजून पाहिलं आहे. तीन सेकंद पुरले असते.

मान वळवली होती म्हणून मला तो येताना दिसलाही नाही. कडक बर्फावर स्नोबोर्डची फळी खरवडल्याचा आवाज आला आणि मग एक बोथट आवाज, गादीवर काठी मारल्यासारखा. तू माझ्यावरून गेलीस. तुझ्या फळीची कड माझ्या गालावरून फिरली, सहा टाके पडले. खाली पाइनचं झाड होतं. तुझी टोपी वर राहिली आणि तू झाडाशी गेलीस.

मी उठले. हात न टेकता, फळ्या आडव्या, गुडघे पोटाशी, तू शिकवलं होतंस तशी, एका दमात. तुझ्यापर्यंत पोचले तेव्हा तुझ्या कानातून रक्त येत होतं आणि डोळे उघडे होते. मी तुला हाका मारल्या. मी तुझ्या गालावर मारलं. मग मी त्या माणसाकडे गेले. तो चाळिशीचा होता, मनगट धरून गुडघ्यांवर बसला होता आणि "आय कुडन्ट स्टॉप, मॅम, आय कुडन्ट स्टॉप," म्हणत रडत होता. मी काठीनं त्याला मारलं. काठी वाकली तेव्हा माझं हेल्मेट काढलं आणि त्याला हेल्मेटनं मारलं. माझ्या गालाचं रक्त त्याच्या जॅकेटवर उडत होतं आणि तो हातही वर करत नव्हता. दोन माणसांनी मला मागून धरून ओढलं तरी मी लाथा झाडत होते. मला त्याचा जीव घ्यायचा होता. हे मी लाजून लिहीत नाही. आजही तो समोर आला तर मी काय करीन ते मला माहीत नाही.

हॉस्पिटलमध्ये टाके घालताना कुणीतरी सांगितलं, त्याचा तो पहिलाच दिवस होता. मित्रानं सकाळी एकदा खालच्या टेकाडावर फिरवलं आणि दुपारी, तू मस्त करतोयस, म्हणून वर पाठवलं. त्याला कुणी वीस वेळा पाडलं नव्हतं. तासभर कुणी थांबायला लावलं नव्हतं. तू एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार, असं मी तुला अपघाताच्या तासभर आधी सांगितलं होतं. आणि थांबता न येणारा एकही माणूस तू कधी वर नेला नव्हतास. आपलं भांडण तिथे संपलं, आणि ते मी हरले हे ऐकायला तू नव्हतीस.

तेराव्याला जेवणं झाली, माणसं गेली. भाऊजी गॅरेजमध्ये खुर्च्या रचून ठेवत होते. तुझ्या फळ्या भिंतीशी उभ्या होत्या. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार होते मी. उभ्या उभ्याच सांगितलं. "भाऊजी, मला लागलं नव्हतं. मला उठता येत होतं. मी खोटं बोलले. तिनं हात दिला तो मी धरला नाही."

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. मला वाटलं, मारतील. मारावं असं मला वाटत होतं.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"उतारावरून तिनं मला फोन केला होता. म्हणाली, डबा उघडू नका, दोघी येतो. मंजी पडून राहिली आहे. लागलं-बिगलं काही नाही, नाटक करून राहिली. मीच सकाळी जास्त बोलले तिला. घेऊन येते."

लोक म्हणतात, असं काही कळलं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. मी तुझ्या फळ्या उचलल्या आणि गॅरेजच्या सिमेंटवर आपटल्या. पुन्हा आपटल्या. कडांमधून ठिणग्या उडाल्या, एक फळी मधोमध चिरली. मी तुझ्यावर ओरडत होते. तुला माहीत होतं तर का आलीस. मी नाटक करत होते तर मला तिथेच सडू द्यायचं होतंस. आयुष्यभर लोकांचे पसरलेले हात बघून हात पाठीमागे बांधलेस, आणि ज्या एका बाईला हाताची अजिबात गरज नव्हती तिच्यासाठी नियम मोडलास. उंचवट्याकडे पाठ करून. भाऊजी शेवटपर्यंत मध्ये पडले नाहीत. मी थांबले तेव्हा त्यांनी चिरलेली फळी भिंतीशी पुन्हा उभी केली.

"शनिवारी मधुरा येणार होती ना," ते म्हणाले. "तिला कोणी सांगितलं का, क्लास आहे की नाही ते?"

मी तिला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "मावशी, सहा वाजता ना?" मार्ग ऐंशीवर भाऊजी मागच्या सीटवर होते. ते झोपले नाहीत. मांडीवर थर्मास धरून बसले होते.

मधुराला मी सपाटीवर ठेवलं नाही. सरळ वर नेलं. अर्ध्या उतारावर, छोट्याशा उंचवट्याच्या खाली, ती पडली. फळ्यांचा गुंता, टोपी डोळ्यांवर. आणि तिनं हात वर केला. "मावशी, हात द्या ना, प्लीज."

मला तो हात धरायचा होता, ताई. इतका धरायचा होता की बोटं दुखायला लागली. मी तिच्या वरच्या बाजूला गेले, फळ्या आडव्या रोवल्या, तिच्याकडे पाठ केली आणि उंचवट्याकडे तोंड. दोन्ही हात बाजूंना पसरले. वरून एक लाल जॅकेट आलं, मी गळा फाटेल एवढ्यानं ओरडले, ते वळसा घालून गेलं. मग दोन पोरी आल्या, त्याही लांबून गेल्या.

"मावशी, मला नाही येत उठता."

"उतार कुठे आहे ते बघ," मी मान न वळवता म्हणाले. "फळ्या आडव्या कर."

मागे धडपड ऐकू येत होती. ती पडली, पुन्हा पडली, रडली, मला काहीतरी बोलली जे नाशिकची सून मावशीला बोलत नाही. मी हात खाली घेतले नाहीत. दंड भरून आले, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग मागची धडपड थांबली. बर्फावर फळ्या टेकल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरी.

मी वळले. ती उभी होती, माझ्याकडे पाठ, खाली उताराकडे बघत. विचार करत होती. मी एकदा वर पाहून घेतलं, कुणी येत नव्हतं. मग मी तिच्या मागे गेले आणि तिच्या पाठीत खो दिला, तुझ्याइतकाच जोरात.